बिल विदर्सने संन्यास घेतला नव्हता

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर वेगवेगळ्या गटांतून माझ्याकडे चार-पाच वेळा आला. पाठवणारी माणसं चांगली आहेत, हेतूही चांगला आहे. मजकूर असा:

"अमेरिकेत बिल विदर्स नावाचा एक अडाणी मजूर होता. विमानात संडास बसवायचा. गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. बत्तिसाव्या वर्षी सहज एक गाणं म्हटलं. मधल्या ओळी सुचेनात म्हणून 'आय नो, आय नो' असं २६ वेळा म्हणत राहिला आणि त्या एका गाण्याने रातोरात स्टार झाला. पण यशाच्या शिखरावर असताना त्याला उमगलं की हे सगळं फोल आहे. एके दिवशी गिटार खाली ठेवली आणि पुन्हा कधी गाण्याकडे वळून पाहिलं नाही. लोकांनी विचारलं, का सोडलंस? तो नुसता हसला. मित्रांनो, धरणं सगळ्यांना जमतं, सोडता आलं पाहिजे."

बिल विदर्स माझा अतिशय आवडता गायक आहे. पण मला हे खुपतं ते केवळ चाहता म्हणून नाही. एका कामगाराने आपल्या कामाच्या अटींवरून कंपनीशी वर्षानुवर्षं भांडण केलं, आणि या मजकुराने त्या भांडणाला वैराग्य करून टाकलं. त्याची सगळी झुंज पुसली आणि कपाळाला गंध लावलं. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो आहे.

"अडाणी मजूर"पासून सुरुवात करू. विदर्सचा जन्म ४ जुलै १९३८ चा, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या स्लॅब फोर्क या कोळसाखाणीच्या वस्तीतला. सहा भावंडांत तो धाकटा. वाढला जवळच्या बेकली गावात. वडील खाणीत कामाला होते; तो तेरा वर्षांचा असताना ते गेले. आई लोकांच्या घरी कामं करायची, आजीने सांभाळलं. मुलगा बोलताना अडखळायचा, आणि ते अडखळणं तिशीच्या उंबरठ्यापर्यंत पुरतं गेलं नव्हतं. घरातल्या पुरुषांत खाणीत न उतरलेला आपणच पहिले, असं तो सांगायचा. खाण टाळायचा रस्ता होता नौदल. सतरा-अठराव्या वर्षी तो भरती झाला आणि नऊ वर्षं राहिला. त्या काळी कृष्णवर्णीय पोरांना नौदलात बहुतेक करून स्वयंपाकघरात किंवा अधिकाऱ्यांच्या सरबराईला लावत. त्याला ते नको होतं, म्हणून तो विमान दुरुस्तीचं शिक्षण घेऊन मेकॅनिक झाला. १९६५ मध्ये बाहेर पडल्यावर काही काळ घरोघरी दूध पोहोचवलं आणि मग विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत जोडारी केली. हा कुशल कामगार आहे. संडासाची गोष्ट मात्र खरी आहे: कॅलिफोर्नियात बरबँकच्या वेबर एअरक्राफ्टमध्ये तो बोइंग ७४७ विमानांतल्या शौचालयांची जोडणी करायचा. त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. त्याचा पहिला रेकॉर्ड दहा लाखांच्या वर खपला तेव्हा रेकॉर्ड कंपनीने त्याला कमोडची सोनेरी सीट भेट दिली होती.

या कारखान्याचा एक फोटो जगभर पोहोचला आहे. 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम' हा त्याचा १९७१ चा पहिला आल्बम. मुखपृष्ठावर तो विटांच्या भिंतीपाशी उभा आहे, अंगात साधा टी-शर्ट, हातात जेवणाचा डबा. फोटो कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत काढलेला. माझे वडील फिटर होते. पहिल्या पाळीला जाताना पहाटे सहाच्या आत डबा घेऊन निघायचे. मी हे मुखपृष्ठ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाणं ऐकायच्या आधीच हा माणूस मला ओळखीचा वाटला होता. गायकाच्या हातात गिटार असते, माइक असतो. डबा घेऊन आपली पहिली ओळख करून देणारा दुसरा गायक मी पाहिलेला नाही. आल्बम निघाला तरी त्याने कारखान्यातली नोकरी सोडायला नकार दिला होता. गाण्याचा धंदा भरवशाचा नाही, हे त्याचं तेव्हाचंच मत. पुढे काय घडलं ते समजून घ्यायचं असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

"गाण्याशी काडीचाही संबंध नव्हता." हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने 'ग्रँडमाज हँड्स' ऐकलेलं नाही. त्याच पहिल्या आल्बममधलं हे गाणं आजी लूला गॅलोवेच्या हातांवर आहे. रविवारी सकाळी चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे हात, डफ धरणारे हात, अडचणीत सापडलेल्या शेजारच्या पोरीला धीर देणारे, दुखून सुजणारे हात, आणि पोरगं धावताना पडू नये म्हणून सावध करणारे हात. सोल या संगीताचं मूळच कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगायनात आहे. त्यातला देव बाजूला होऊन तिथे माणूस आला, पण टाळी, हाक आणि साद तशीच राहिली. विदर्सच्या कानावर ते बाळपणापासून होतं. आपल्याकडे एखादा म्हणेल की मी गाणं शिकलो नाही, पण देवळातल्या भजनात आजीच्या मांडीवर बसून टाळ ऐकत मोठा झालो, तर त्याचा गाण्याशी संबंध नव्हता असं आपण म्हणू का?

गाणी लिहिणं आणि म्हणणं त्याने नौदलात असतानाच सुरू केलं होतं. गाणं हे पोटापाण्याचं साधन होऊ शकतं, हे डोक्यात कसं आलं त्याची हकिकत त्याने स्वतःच सांगितली आहे. ओकलंडच्या एका क्लबात तो लू रॉल्स या गायकाचा कार्यक्रम ऐकायला गेला होता. रॉल्सला उशीर झाला. मालक वैतागून बोलला की आठवड्याला दोन हजार डॉलर मोजतो आणि हा वेळेवर येत नाही. विदर्स तेव्हा तासाला तीन डॉलर कमावत होता. त्याने गहाणवटीच्या दुकानातून स्वस्तातली एक गिटार घेतली आणि ती वाजवायला शिकला.

मला ही हकिकत फार मोलाची वाटते. त्याची सुरुवात अशी रोकड्या हिशेबातून झाली. आपल्या श्रमाला कुठे काय भाव मिळतो, हे पाहून एका कामगाराने दुसरं काम निवडलं. १९६७ मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. दिवसा कारखाना, आणि पगारातून वाचवलेल्या पैशांनी डेमो, म्हणजे कंपन्यांना ऐकवायच्या नमुन्याचं रेकॉर्डिंग. कंपन्यांची दारं ठोठावण्यात तीनेक वर्षं गेली. १९७० मध्ये क्लॅरेन्स अ‍ॅव्हंट यांच्या ससेक्स रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने त्याला घेतलं. निर्माता म्हणून बुकर टी. जोन्स आला. सोल संगीतात मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचा जो घाट आहे तो घडवणाऱ्यांतला हा माणूस. त्याने आपले जुने साथीदार आणले: ड्रम्सवर अल जॅक्सन, बेसवर डोनाल्ड 'डक' डन. गिटारवर स्टीफन स्टिल्स बसला. पैसे अपुरे पडले आणि रेकॉर्डिंग मध्येच सहा महिने थांबलं. 'रातोरात' म्हणतात ती रात्र ही.

पहिल्या दिवशीचा एक प्रसंग बुकर टी. सांगतो. विदर्स थेट कारखान्यातून आला, पायात कामाचे जाड बूट, हातात गाण्यांनी भरलेली वही. स्टुडिओत जमलेली नामांकित मंडळी पाहून त्याने बुकर टी.ला बाजूला घेतलं आणि विचारलं, ही गाणी म्हणणार कोण? बुकर टी. म्हणाला, तूच. स्वतः गाणी लिहिणारा बत्तीस वर्षांचा माणूस गायकाची वाट पाहत उभा होता. मजकुरातलं "सहज एक गाणं म्हटलं" हे वाक्य या प्रसंगाशेजारी ठेवून वाचा.

आता ते २६ वेळा म्हटलेलं 'आय नो'. या मुद्द्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथे मजकूर अर्धा बरोबर आहे, आणि अर्ध्या बरोबर गोष्टी पुसायला जास्त कष्ट पडतात.

'एन्ट नो सनशाइन' हे गाणं त्याला सुचलं एक चित्रपट पाहून: १९६२ चा 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस'. दारूत बुडत गेलेल्या एका जोडप्याची ती कथा आहे. एकमेकांना घातक ठरणारी आणि तरी एकमेकांकडे परत येणारी माणसं. गाण्यातला पुरुष तेच सांगतो: ती गेली की ऊन जातं, घर घरासारखं राहत नाही, आणि ती दर वेळी जास्तच दिवस जाते. मग तिसऱ्या कडव्याच्या जागी तो दोनच शब्द धरतो, 'आय नो', आणि ते २६ वेळा म्हणतो. त्या जागी पुढे ओळी लिहायचा विदर्सचा विचार होता, हे खरं. पण रेकॉर्डिंगच्या वेळी सोबतच्या मंडळींनी सांगितलं की आहे तसंच राहू दे. आपण कारखान्यातले, आणि ही सगळी अनुभवी माणसं, म्हणून त्यांचं ऐकलं, असं त्याने नंतर सांगितलं. आता यात "ओळी सुचेनात" कुठे आहे? न लिहिलेली जागा न लिहिलेलीच ठेवायची, हा जाणत्या कानांनी घेतलेला निर्णय आहे.

आणि त्या जागेत घडतं काय ते ऐका. बाकीची वाद्यं बाजूला होतात, ड्रम्सचा ठेका तेवढा खाली चालत राहतो. आवाज दोन शब्दांना धरून फिरतो. सुरुवातीला ते कबूल करणं आहे, मग घाई होते, मग श्वास पुरेनासा होतो, आणि शेवटी तो स्वतःशीच वाद घालतो आहे असं वाटू लागतं. एका बोलावर थांबून त्याचे निरनिराळे भाव काढणं ठुमरी ऐकणाऱ्याला नवीन नाही. पुनरुक्ती झाली म्हणून शब्द संपले, असं तिथे कुणी म्हणत नाही. त्या २६ आवर्तनांनंतर येणारी ओळ अशा अर्थाची आहे की तिला सोडून द्यायला हवं. आपल्या भाषेत यासाठी तयार म्हण आहे: कळतं पण वळत नाही. विदर्स २६ वेळा 'कळतं' म्हणतो. 'वळत नाही' हे न म्हणता ऐकू येतं. सगळं गाणं जेमतेम दोन मिनिटांचं, आणि त्यातला एवढा मोठा भाग त्याने या दोन शब्दांना दिला आहे.

नशिबाचा वाटा होता का? होता. रेकॉर्डच्या मुख्य बाजूवर 'हार्लेम' नावाचं दुसरं गाणं होतं, हे मागच्या बाजूला. रेडिओवर रेकॉर्ड लावणाऱ्यांनी तबकडी उलटी केली. गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि १९७२ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाला, तो सर्वोत्तम रिदम अँड ब्लूज गाण्याचा, म्हणजे गीतकार-संगीतकाराचा.

"त्या एका गाण्याने" याला फार वेळ द्यायची गरज नाही. पुढच्याच वर्षी 'लीन ऑन मी' पहिल्या क्रमांकावर आणि 'यूज मी' दुसऱ्या क्रमांकावर. १९७७ चं 'लव्हली डे', ज्यात तो एकच सूर १८ सेकंद धरून ठेवतो. १९८१ मध्ये ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरच्या सॅक्सोफोनसोबतचं 'जस्ट द टू ऑफ अस', पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर.

तरी 'लीन ऑन मी'बद्दल चार ओळी लिहितोच. लॉस एंजेलिसमध्ये हाताशी पैसे आल्यावर त्याने एक छोटा पियानो घेतला. पियानो त्याला नीट येत नव्हता. शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून बोटं वर-खाली नेता नेता ती चाल हाती लागली. म्हणूनच ती पायऱ्या चढल्यासारखी वर जाते आणि तशीच उतरते, आणि कुठलंही शाळकरी मूल ती म्हणू शकतं. शब्द स्लॅब फोर्कचे आहेत. नव्या शहरात त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं ते अडीनडीला धावून येणाऱ्या शेजारपाजाऱ्यांवाचून. या गाण्यात प्रेयसी नाही, देव नाही. फक्त एक शेजारी दुसऱ्याला म्हणतो, ओझं एकट्याला उचलत नसेल तर हाक मार. मला तर हे गाणं म्हणजे खाणकामगारांच्या चाळीचं गाणं वाटतं.

आणि ज्यांना विदर्स म्हणजे गोड, सोपी, सुविचारी गाणी असं वाटतं त्यांनी ६ ऑक्टोबर १९७२ च्या त्याच्या न्यूयॉर्कमधल्या कार्नेगी हॉलच्या मैफलीतलं 'आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड' ऐकावं. व्हिएतनाममध्ये उजवा हात गमावलेला पोरगा दुसऱ्याला सांगतो आहे की माझ्यासाठी आईला एक पत्र लिही, मला डाव्या हाताने लिहिता येत नाही. सैन्यात नऊ वर्षं काढलेल्या माणसाने ते लिहिलं आहे. त्यात घोषणा एकही नाही. १९७४ मध्ये झैरची राजधानी किन्शासा इथे मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या लढतीच्या निमित्ताने मोठा संगीत महोत्सव झाला, तिथेही तो एकटा गिटार घेऊन बसला आणि गायला. त्याचं चित्रीकरण आज उपलब्ध आहे.

आता मुख्य वाक्य. "यशाच्या शिखरावर असताना त्याला उमगलं की हे सगळं फोल आहे." यातले तारीख, जागा आणि कारण, तिन्ही चुकले आहेत.

शिखर म्हणायचं तर ते १९७२. त्या वर्षी किंवा त्यानंतर लगेच त्याने काही सोडलं नाही. उलट पुढची तेरा वर्षं तो गात, लिहीत राहिला. पहिल्या कंपनीशी, ससेक्सशी, त्याचे वाद झाले आणि काही काळ त्याचं रेकॉर्डिंगच अडकलं. एकदा तर त्याने स्वतः रेकॉर्ड केलेला एक आख्खा आल्बम पुसून टाकला. १९७५ मध्ये ससेक्स बंद पडली. तो कोलंबिया या बड्या कंपनीत गेला. तिथे १९७५ पासून १९७८ पर्यंत दर वर्षी एक आल्बम निघाला. म्हणजे नेमाने काम चालू होतं.

मग १९७८ ते १९८५. सात वर्षं त्याचा एकही आल्बम नाही. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा हीच सात वर्षं पाहून तिथे ध्यानधारणा कल्पिली असावी. प्रत्यक्षात तो गाणी लिहून कंपनीला देत होता आणि कंपनी ती नाकारत होती. कलाकारांची गाणी निवडणारे तिथले अधिकारी त्याला सांगत की हे असं कर, ते तसं कर. एकाने पहिल्याच भेटीत सांगितलं की मला तुझं संगीत आवडत नाही, कृष्णवर्णीयांचं कुठलंच संगीत आवडत नाही. त्या माणसावर आपण हात उचलला नाही याचा अभिमान वाटतो, असं विदर्स म्हातारपणी म्हणाला. कुणी सुचवलं की एल्व्हिस प्रेस्लीचं 'इन द घेटो' हे गाणं तू म्हण. एका गोऱ्या गायकाने गाजवलेलं कृष्णवर्णीय वस्तीच्या गरिबीचं गाणं, ते स्लॅब फोर्कच्या पोराने परत म्हणायचं! कृष्णवर्णीयांना काय आवडतं हे कृष्णवर्णीयांना समजावून सांगणाऱ्या अशा गोऱ्या तज्ज्ञांसाठी त्याने 'ब्लॅक्सपर्ट' असा शब्दच बनवला होता.

याच सात वर्षांच्या मधोमध 'जस्ट द टू ऑफ अस' येतं. विल्यम सॉल्टर आणि राल्फ मॅकडोनाल्ड यांनी गाणं आणलं. शब्दांच्या बाबतीत विदर्स फार चोखंदळ, त्याने ते आपल्या हाताने पुन्हा घडवले आणि गायलं. ते निघालं दुसऱ्या कंपनीकडून, वॉशिंग्टनच्या आल्बमवर. दुसरा ग्रॅमी त्याला या गाण्यासाठी १९८२ मध्ये मिळाला. आणि त्याच १९८२ मध्ये कोलंबिया, म्हणजे तो जिच्याशी कराराने बांधलेला होता ती कंपनी, त्याची नवी गाणी नापास करत होती. ज्याला गाणं फोल वाटू लागलं आहे तो माणूस दुसऱ्याच्या आल्बमवर जाऊन एवढं जीव तोडून गात नाही.

१९८५ मध्ये 'वॉचिंग यू वॉचिंग मी' निघाला. त्यातल्या पहिल्या तीन सिंगल्सपैकी, म्हणजे सुटी काढलेल्या गाण्यांपैकी, दोन गाणी १९८२ मध्ये नाकारलेलीच होती, असं विदर्सने सांगितलं आहे. तीन वर्षांपूर्वी जी चालत नव्हती ती आता चालली. दरम्यान त्याच कोलंबियाने मिस्टर टी या दूरदर्शन मालिकेतल्या नटाचा आल्बम काढला होता. नटाला आल्बम, आणि ज्याच्या गाण्यांवर कंपनीने पैसे कमावले त्या गीतकाराला थांबा. याचा त्याला मनस्वी राग होता, आणि तो त्याने लपवला नाही.

हा आल्बम फार चालला नाही. करार संपला, त्याने नवा केला नाही. तेव्हा तो सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा होता, दोन मुलांचा बाप. शिखर मागे राहून बरीच वर्षं झाली होती. कारखान्यात मुकादम रोज येऊन सांगू लागला की तुला जोडारी येत नाही, मी सांगतो तसं कर, तर चांगला कारागीर एक दिवस हत्यारांची पेटी उचलून बाहेर पडतो. त्याला आपण संन्यास म्हणत नाही. त्याने यश सोडलं नाही. वाईट अटींवर राबणं सोडलं, एवढंच.

आणि मला सगळ्यात जास्त टोचतो तो या मजकुराचा उपयोग. मानधन थकलेल्या एका तरुण गायिकेने आमच्या एका गटात आयोजकांबद्दल तक्रार लिहिली होती. तिला उत्तर म्हणून कुणीतरी हाच मजकूर टाकला. सोडता आलं पाहिजे! ज्याने कंपनीला एकेका गाण्याचा जाब विचारला, त्याचंच नाव घेऊन तिला गप्प बसायला सांगितलं गेलं. ती त्यानंतर त्या गटात काही लिहीत नाही. त्या दिवशी मी ठरवलं की हे लिहायचं.

"पुन्हा कधी गाण्याकडे वळून पाहिलं नाही." हेही खोटं आहे, आणि यात त्याच्या पत्नीचं कामही पुसलं जातं. मार्शा विदर्स यांनी त्याच्या गाण्यांच्या हक्कांचा कारभार सांभाळला. कंपनीकडे तो नवा माल देत नव्हता, पण जुन्या गाण्यांवरचा आपला हक्क त्याने सोडला नव्हता. हे घरचं काम होतं आणि चोख होतं. १९८७ मध्ये क्लब नूव्हो या गटाने 'लीन ऑन मी' नव्या ठेक्यावर म्हटलं आणि ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८८ मध्ये त्या गाण्यासाठी गीतकार म्हणून विदर्सला तिसरा ग्रॅमी मिळाला. कंपनीतून बाहेर पडून तीन वर्षं झाल्यावर. त्याच वर्षी 'लव्हली डे'चं नवं रूप ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर पोहोचलं. १९९६ मध्ये ब्लॅकस्ट्रीट या गटाच्या 'नो डिगिटी'ने 'ग्रँडमाज हँड्स'चा गुणगुणता तुकडा उचलला आणि ते गाणंही पहिल्या क्रमांकावर. आजीच्या हातांनी नातवाला किती वर्षं पोसलं बघा.

लिहिणंही थांबलं नव्हतं. २००४ मध्ये जिमी बफेट या गायकाच्या आल्बमवर त्याची गाणी आहेत. २००५ मध्ये गीतकारांच्या मानाच्या दालनात त्याचा समावेश झाला. २००९ मध्ये 'स्टिल बिल' हा माहितीपट आला. त्यात तो बोलताना अडखळणाऱ्या मुलांच्या नाटक मंडळीला भेटायला जातो, आणि त्यांचं ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून येतात. घरातल्या छोट्या स्टुडिओत मुलगी कोरी गाते आणि बाप ऐकतो, तेही त्यात आहे. २०१५ मध्ये क्लीव्हलंडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं तेव्हा त्याची ओळख करून द्यायला स्टीव्ही वंडर आला होता. मंचावर वंडरने 'एन्ट नो सनशाइन' म्हटलं तेव्हा विदर्स त्याच्या शेजारी बसून ऐकत होता. ३० मार्च २०२० रोजी, एक्याऐंशीव्या वर्षी, हृदयविकाराने तो लॉस एंजेलिसमध्ये गेला. त्याच आठवड्यांत कोरोनाने घरात अडकलेली माणसं रुग्णालयातल्या लोकांसाठी 'लीन ऑन मी' म्हणत होती.

राहिलं शेवटचं. "लोकांनी विचारलं, का सोडलंस? तो नुसता हसला."

हसला नाही. ज्याने ज्याने विचारलं त्याला त्याने सांगितलं. वृत्तपत्रांना सांगितलं, कॅमेऱ्यासमोर सांगितलं, सत्तरी उलटल्यावरही सांगितलं: कोणत्या वर्षी कोणती गाणी परत आली, तीच पुढे कोणत्या वर्षी चालली, कुणाचा आल्बम त्याच्या आधी निघाला, आणि त्याचं संगीत न आवडणाऱ्या माणसाच्या हाती त्याची गाणी पास-नापास करायचं काम कसं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत बोलताना अडखळणाऱ्या माणसाने हे सगळं न अडखळता सांगितलं आहे.